अगरबत्तीवाला तंबू

आमच्या पांढुर्ण्याच्या शाळेत तंबू म्हटलं की आधी वास यायचा. मुलांच्या स्काउट पथकाचे जुने कॅनव्हासचे तंबू क्रीडासाहित्याच्या खोलीत कोंबून ठेवलेले असायचे, आणि खोलीचं दार उघडलं की ओलं गोणपाट आणि उंदीर यांचा मिळून एक दर्प अंगावर यायचा. एकेक तंबू उचलायला चार पोरं लागायची. उभा करायला त्याहून जास्त, आणि त्यातली निम्मी नुसते हुकूम सोडणारी. दिवाळी उरकून थंडी पडली की जामसांवलीला मारुतीच्या देवळापासून जरा अंतरावर आमचं शिबिर असायचं. मुलं त्या तंबूंत झोपायची आणि मुली धर्मशाळेच्या हॉलमध्ये.

मुलींचं पथक माझ्याकडे आहे. मी विज्ञान शिकवते, आणि स्वभावानं तापट आहे हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको. त्या हॉलचा मला फार राग यायचा. फरशी थंडगार, दिवे रात्रभर चालू, आणि बाहेर मुलं शेकोटीभोवती गोंधळ घालतायत तो आवाज खिडकीतून आत यायचा. मुली खिडकीच्या गजांना नाक लावून बघत बसायच्या.

गेल्या वर्षी पथकाची पुढारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ही मुलगी अकरावीत होती, तिगावहून रोज ये-जा करायची, घरी कापूस आणि थोडी संत्र्याची बाग. बोलणं सरळ, वळसे नाहीत.

"मॅडम, आम्ही शिबिराले जाऊन राहिलो का लग्नाले?" ती म्हणाली. "हॉलमध्ये झोपाचं, नळावर तोंड धुवाचं अन् वापस याचं. हे त मामाच्या घरीबी होते."

मी तिला घेऊन तशीच हेडसरांच्या खोलीत गेले. हेडसर सावध माणूस. दुधानं पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात, आमचे हेडसर न पोळताच फुंकतात. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"देखो मॅडम," ते म्हणाले, "मुलींना तंबूत झोपवायला माझी ना नाही. पण आपल्या इथं एक दोरी बांधायची म्हटली तरी मांडववाल्याला फोन जातो. तिथं तंबू पडला तर कोणाला बोलावून राहिले तुम्ही? मैदानावर, पालकांसमोर, मुलींनी स्वतः उभा करून दाखवावा. एकाही पुरुषाचा हात लागला नाही पाहिजे. पालकांचं समाधान झालं तर तंबू. नाही झालं तर हॉल, आणि मग हा विषय माझ्यासमोर परत आणायचा नाही."

मला राग आला, कारण ते खरं बोलत होते. आमच्याकडे बारसं असो की तेरवी, कापडाचं छत उभं करायचं म्हणजे मांडववाला. त्याची माणसं हातगाडीवरून बांबू आणतात, आपण खुर्चीत बसून "जरा डावीकडे घ्या" एवढंच म्हणायचं. आमच्या अख्ख्या गावाला गाठ मारता येते ती फक्त पायजम्याची. तेव्हा तंबू असा हवा होता, की जो मुलींना कुणाला न बोलावता उभा करता येईल, आणि एका हिवाळ्यात चिंध्या होणार नाही. आधी एकच घ्यायचा, परीक्षेत उतरला तर बाकीचे घ्यायचे, असं ठरलं.

नागपूरला जाताना मी दोघींना सोबत घेतलं. एक तिगावची. दुसरी पांढुर्ण्यातल्याच कापडदुकानदाराची मुलगी, जिला बोलता येण्याआधी सुती आणि टेरिकॉट यांतला फरक कळायला लागला असावा. सीताबर्डीतल्या दुकानात विक्रेत्यानं आम्हाला पाहिलं आणि एक चपटी गोल पिशवी काढली. "मॅडम, हा फेकायचा फक्त," म्हणाला, आणि फेकला. पिशवीतून तंबू उसळी मारून उघडला. दोघी टाळ्या पिटायला लागल्या. मलाही आवडला, खोटं कशाला बोलू.

"आता घडी करून दाखवा," मी म्हणाले.

त्यानं एक बाजू दाबली, दुसरी उसळली. दुसरी दाबली तर पहिलीनं त्याचा चष्मा उडवला. मालक गल्ल्यावरून उठून मदतीला आला. शेवटी एकजण त्याच्यावर गुडघे टेकून बसला आणि दुसरा पिशवी ओढत राहिला, तरी अर्धा तंबू बाहेरच. तिगावची माझ्या कानात म्हणाली, "आमचं गोऱ्हं बरं, मॅडम. दावणीले त येते." आम्ही तो तिथंच सोडला.

मग खरी खरेदी सुरू झाली. कापड घ्यायची आमची एक रीत आहे. ती लुगड्याला चालते, तशी तंबूलाही चालते. कापड अंगठा आणि बोटात चोळायचं, उजेडाकडे धरायचं, आणि शिवणीच्या दोन्ही बाजूंना अंगठे लावून ताणायचं. शिवणीतून उजेड दिसला की खाली ठेवायचं. कापडवाल्यांच्या मुलीनं विक्रेत्याचं काही ऐकून न घेता एकामागून एक तंबूंच्या शिवणी ताणल्या. जिथं शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली होती, तेवढेच बाजूला काढले. मग पाण्याची बाटली उघडली आणि सरळ एकाच्या छपरावर ओतली. विक्रेता "अहो, अहो" करत धावला. पाणी थेंब थेंब होऊन खाली घरंगळलं, आत हात घातला तर कोरडं.

तिगावची मात्र दाराशी बसली होती. चेन खाली, चेन वर, खाली, वर.

"आतून बंद होते का हे?" तिनं विचारलं.

"दोन्हीकडून होते," विक्रेता म्हणाला.

"बस्स," ती म्हणाली. "बाबा पहिले हेच इचारन."

आम्ही घेतलेला तंबू दिसायला साधा होता. रंग मातकट हिरवा. आतला कपडा वेगळा आणि वरचं आवरण वेगळं, म्हणजे दहिवर पडलं तरी ते बाहेरच ओघळणार. तळाचं कापड जाड, आणि कडा परातीसारख्या वर आलेल्या. दोन दांड्या, त्या एकमेकींवरून फुलीसारख्या वाकवून चार कोपऱ्यांत अडकवायच्या, की तंबू खुंटी न ठोकताही आपल्या पायावर उभा. दारं दोन, कारण मुलींचं म्हणणं होतं की उठून बाहेर जायचं तर दुसरीच्या पोटावर पाय पडायला नको. विक्रेत्यानं सोबत फाटलं-तुटलं तर चिकटवायच्या पट्टीची एक गुंडाळी दिली. ती मी न बघताच पिशवीच्या खिशात टाकली.

सौंसर माझं माहेर. भावाची संत्र्याची बाग गावाबाहेरच आहे, तिथं एका रविवारी मुलींना घेऊन गेले. पहिल्या खेपेला दांड्या उलट्या अडकल्या आणि तंबू पोटात दुखत असल्यासारखा वाकडा उभा राहिला. दुसऱ्या खेपेला जमला. मग वारा सुटला, आणि सोबत आलेल्या सळीच्या बारीक खुंट्या काळ्या जमिनीतून अशा निघाल्या की जशा कधी ठोकल्याच नव्हत्या. ती जमीन पाणी प्यायली की लोणी होते आणि वाळली की भेगाळते, सळी तिथं काय धरणार. संत्र्यांनी वाकलेल्या फांद्यांना टेकू द्यायला बागेत बांबू लावलेले असतात, त्यांतले मोडके बांधावर पडले होते. मुलींनी त्यांच्याच हातभर खुंट्या तासल्या. भाऊ विळा घेऊन मदतीला आला तर सगळ्या एकदम ओरडल्या, "मामा, हात नका लावू!" त्याला काही कळेना. तो बिचारा संत्री सोलत लांब जाऊन बसला.

परवानगीसाठी घरोघर जाणं मी टाळत नाही. चिठ्ठीला लोक नाही म्हणतात, चहा पाजल्यावर नाही म्हणायला जड जातं. तिगावला गेले तेव्हा मुलीचे वडील ओसरीवर माझ्यासमोर बसले. माणूस वाईट नाही, पण आपल्या तोंडून हो निघू नये याची काळजी घेणारा. "हेडसर म्हणतीन तसं," एवढंच म्हणाले. मुलीची आई चहा घेऊन आली आणि टेकणार तोच आतून सासूची हाक आली. ती आत गेली. परत आली तर दिराला टॉवेल हवा होता. मग वासरू सुटलं. मग वेचणीच्या बाया मजुरीचं विचारायला आल्या. मी तासभर तिथं होते, आणि त्या घरातली प्रत्येक हाक तिच्यासाठीच होती. ती न चिडता, न थांबता प्रत्येक हाकेला "आली, आली" करत धावत होती. बघून मीच दमले.

निघताना ती फाटकापर्यंत आली.

"मॅडम, आत काय असते जी तंबूत?"

"काही नसतं," मी म्हणाले. "रिकामा असतो. झोपायला जागा."

"अन् दार?"

"दार आहे. आतून लावता येतं."

ती हसली, तेवढ्यात परत हाक आली.

दाखवण्याचा दिवस शनिवार होता, शाळा सुटल्यानंतर. पालक मैदानाच्या कडेला उभे राहिले, काही मोटरसायकलवर बसूनच. कापडदुकानदार आणि त्यांची बायको आली. तिगावहून मुलीचे आई-वडील आले, आईच्या हातात एक झाकलेलं ताट होतं. हेडसरांनी खुर्ची मागवली. पीटीचे सर, म्हणजे मुलांच्या पथकाचे प्रमुख, दांडी घसरली की पुढे धावायचे आणि मी प्रत्येक वेळी "मागे व्हा" म्हणून ओरडायचे. शेवटी त्यांनी हात पाठीमागे बांधून घेतले.

मुलींनी तंबू उभा केला. बोलल्यासुद्धा नाहीत फारशा. एकीनं तळ पसरला, दोघींनी दांड्या ओवल्या, दोन्ही एकदम वाकवल्या, आणि मैदानाच्या मधोमध हिरवी घुमटी उभी राहिली. वरचं आवरण चढलं. बांबूच्या खुंट्या तिरप्या ठोकल्या. पीटीच्या सरांनी न राहवून एक दोरी ओढून पाहिली, ती हलली नाही. मोटरसायकलवाले खाली उतरून जवळ आले. हेडसर खुर्चीतून उठले, तंबूभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "बढिया." मला इतका आनंद झाला की मी त्यांना मनातल्या मनात मागचं सगळं माफ करून टाकलं.

इथं थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण आमच्याकडे नवी वस्तू पूजेशिवाय वापरात येत नाही. स्कूटर, फ्रिज, पिठाची चक्की, बोअरची मोटर, सगळ्यांच्या कपाळी कुंकू. नव्या ट्रॅक्टरच्या जाळीत तर अगरबत्तीचा अख्खा पुडा खोचतात.

"मॅडम, नवीन वस्तू हाय," तिगावच्या मुलीची आई पुढे झाली. ताटावरचं फडकं तिनं काढलं, आत हळद, कुंकू, नारळ, सगळं होतं. "पोरी झोपतीन त्यात. हात त जोडले पाहिजे."

बाकीच्या आया लगेच गोळा झाल्या. कुणाला वाईट वाटलं नाही, मलाही नाही. दाराच्या कापडावर कुंकवाचं स्वस्तिक निघालं. खुंटीपाशी दगडावर नारळ फुटला. हेडसरांनीही चप्पल काढून हात जोडले. तिनं अगरबत्ती पेटवली, जागा शोधली, आणि दाराच्या वर आवरणाला जी एक फीत शिवलेली असते तिच्यात खोचून दिली. ट्रॅक्टरला खोचतात तशी, अगदी सवयीनं. सगळे प्रसादाचं खोबरं खाण्यात गुंतले. वाऱ्याची एक झुळूक आली. अगरबत्ती कलली आणि छपराला टेकली.

असलं कापड अगरबत्तीनं पेटत नाही. ते वितळतं आणि मागे सरकतं. जळक्या प्लास्टिकचा वास आला तेव्हा आम्ही वर पाहिलं. छपराला बोराएवढं भोक पडलं होतं आणि त्याची कड अजून आकसत होती.

"छपराला कुणी अगरबत्ती खोचतं का?" मी ओरडलेच. "घरी कडब्याच्या गंजीला खोचता का?"

तिचा चेहरा उतरला. ताट दोन्ही हातांत तसंच धरून ती उभी राहिली. मी जीभ चावली, पण शब्द गेला होता.

"पाहा सर," मुलीचे वडील हेडसरांना म्हणाले. त्यांना एवढंच हवं होतं. "एका अगरबत्तीनं हे हाल. अन् यात पोरी झोपून राहतीन? थंडीवाऱ्यात?"

मागून दोघातिघांनी माना हलवल्या. हेडसरांनी चष्मा काढला, पुसायला लागले. ते पुसायला लागले की काय होतं हे मला माहीत होतं. मुलींनाही. कापडवाल्यांच्या मुलीनं जमिनीकडे पाहिलं. कोपऱ्यात उभी असलेली आठवीतली एक रडायलाच लागली.

तिगावची रडली नाही. तिनं पिशवीचा खिसा चाचपला, पट्टीची ती गुंडाळी काढली, ओढणीच्या टोकानं भोकाभोवतीची राख पुसली आणि दातानं पट्टी तोडली. "थांब, मी टाका मारून देतो," आई घाईनं म्हणाली, गळ्यातल्या पोतीला अडकवलेली सुई काढायला लागली.

"सुई नको, आई. अजून छेद पडतीन," मुलगी शांतपणे म्हणाली. तिनं एक तुकडा बाहेरून लावला, आवरणाखाली शिरून दुसरा आतून लावला, आणि तळहातानं खालून दाबत राहिली. आईनं बाहेरून हात लावला. मध्ये कापड, एका बाजूला आईचा हात आणि एका बाजूला लेकीचा.

"चिकटवलं त चिकटवलं," वडील म्हणाले. "रातच्याले दहिवर पडते. तवा ते सुटते का राहते, हे कोणाले माहीत?"

खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. मी उलटून ओरडले नाही, म्हणजे प्रकरण हातातून गेलं असं मुलींनी धरलं.

"मंग मी झोपतो," आई म्हणाली.

कुणाला नीट ऐकू आलं नसावं. तिनं ताट माझ्या हातात दिलं.

"अगरबत्ती मी लावली. मीच झोपतो त्याच्याखाली. आज, इथंच. सकाळी या अन् पाहा, पाणी गळते का काय होते ते."

"तू?" नवरा म्हणाला. "अन् सकाळी दूध कोण काढन?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्ही," ती म्हणाली.

मैदानावर हशा पिकला, आणि हसणाऱ्यांत पहिल्या होत्या त्या बायका. वडील कानापर्यंत लाल झाले. कापडदुकानदारांची बायको, जी एरवी गादीवरून खाली पाय ठेवत नाही असं गाव म्हणतं, ती पदर खोचत पुढे आली. "एकटी नाही राहत काही. मीबी राहतो," ती म्हणाली. तिच्या नवऱ्याला विचारायचं कुणाला सुचलंच नाही. हेडसरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "ठीक आहे. सकाळी बघू."

माझं घर मैदानाला लागूनच आहे. मी गोधड्या आणि पाण्याची कळशी पोचवली. शाळेच्या चौकीदारीणबाईंना लक्ष ठेवायला सांगितलं. दोघींनी आतून चेन लावली, तिचा आवाज मी ऐकला आणि घरी आले.

सकाळी गेले तेव्हा मैदानावरचं गवत पांढरं झालं होतं. तंबूच्या पाठीवरून दहिवराचे ओघळ उतरत होते. कापडवाल्यांच्या बाई बाहेर येऊन शाल गुंडाळून बसल्या होत्या, चौकीदारीणबाईंनी दिलेला चहा पीत. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"अजून?" मी हळूच विचारलं.

"कूस नाही बदलली व माय," त्या म्हणाल्या. "मी बोलाले गेली त तिचा डोळा लागला होता. मंग म्या एकटीनंच गोष्टी केल्या."

हेडसर आले. ऊन मैदानाच्या अर्ध्यावर आलं. तिगावची मुलगी आणि वडील मोटरसायकलवरून आले. वडिलांच्या पायजम्यावर दुधाचे डाग होते आणि त्यांचा चेहरा असा होता की कुणी त्याविषयी विचारू नये. तंबू बंद बघून ते घाबरले.

"बरी त हाय ना?" म्हणाले.

मग चेन हळूहळू वर गेली. ती बाहेर आली तर केस विस्कटलेले, गालावर गोधडीच्या टाक्यांचे वण. एवढी माणसं बघून तिनं घाईनं डोक्यावर पदर घेतला, वर सूर्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडाचा आ झाला.

"अगं बाई," ती म्हणाली. "एवढं ऊन आलं? कोणी उठवलंच नाही मले."

तिनं आपल्या नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लग्न झालं तवापासून असं नाही झोपली जी मी," ती म्हणाली, आणि हे बोलताना तिला लाज वाटत होती. आदल्या दिवशी मी तिच्यावर ओरडले होते हे मला त्या क्षणी फार लागलं.

हेडसर आवरणाखाली वाकले, आतल्या पट्टीवर बोट फिरवलं. "कोरडं," ते म्हणाले. मग ते मुलीच्या वडिलांकडे वळले.

वडील पट्टीकडे बघत नव्हते. ते बायकोच्या गालावरचे वण बघत होते. "पाठवतो," ते म्हणाले. "जाऊ द्या पोरींले."

बाकीचे तंबू आले. जामसांवलीला मुलींनी ते ओळीनं उभे केले, आणि पीटीच्या सरांची पोरं त्यांच्या कॅनव्हासखाली अजून "इकडून ओढ, तिकडून ओढ" करत होती तेव्हा आमच्या मुलींचे कणकेचे रोडगे शेणीच्या जाळावर चढलेसुद्धा होते. धर्मशाळेच्या माणसानं सवयीनं हॉल झाडून ठेवला होता. त्यात आम्ही बटाट्यांचं पोतं ठेवलं. ठिगळवाल्या तंबूत कोण झोपणार यावरून भांडणं झाली, तो लकी आहे म्हणे. मी चिठ्ठ्या टाकायला लावल्या. कुणी रडलं नाही, कुणी खिडकीला नाक लावलं नाही, आणि रात्री खिदळणं ऐकून मी दोनदा ओरडले ते निव्वळ रीत म्हणून.

उन्हाळ्यात तिगावच्या मुलीनं शाळेत येऊन एक तंबू मागितला. तिच्या काकाचं लग्न होतं.

"मांडववाला नाही का?" मी चिडवलं.

"मांडव त हाय, मॅडम. मले तंबू पाहिजे. थोच, अगरबत्तीवाला."

लग्नाला मी गेले. घर पाहुण्यांनी भरून वाहत होतं. अंगणात मांडव, मांडवात पंगत, चुलींपाशी बायकांची घाई. जेवणं आटोपत आली तशी मुलीच्या आईला भेटून निघावं म्हणून मी तिला शोधायला लागले. स्वयंपाकघरात नव्हती. सासूला विचारलं तर त्या म्हणाल्या, "आत्ता त होती इथंच." नवरदेव झालेले दीरही तिलाच शोधत होते, त्यांना कसल्याशा किल्ल्या हव्या होत्या. मुलीचे वडील वाढप्यांना सूचना देत होते. त्यांना विचारलं तर त्यांनी नुसतं गच्चीकडे पाहिलं आणि परत वाढप्यांकडे वळले.

जिना चढून गेले. गच्चीवर निंबाची सावली होती, आणि सावलीत तो हिरवा तंबू उभा होता. स्लॅबवर खुंट्या कुठून ठोकणार, म्हणून चारही दोऱ्या विटांना बांधल्या होत्या. दारांचं कापड गुंडाळून आतली जाळी तेवढी ठेवली होती, म्हणजे वाऱ्याला वाट, पण जाळीच्या चेनी बंद होत्या. दारासमोर बायकी चपलांचा एकच जोड काढून ठेवलेला. आणि लग्नाचा परकर-पोलका घातलेली ती मुलगी जिन्याच्या तोंडाशी, वाट अडवून, मांडी घालून बसली होती. खालून परत कुणीतरी तिच्या आईला हाक मारली.

मी काही बोलायला तोंड उघडलं, तर तिनं हात वर केला.

"हळू बोला, मॅडम," ती म्हणाली. "आई झोपून राहिली."